पहिलं ग्राहक-संशोधन करताय? आधी पवननगरच्या किराणा दुकानाबाहेर उभे राहा

प्रोजेक्टची मुदत जवळ आली की मला ठरावीक फोन येतात. "सर, टॉपिक फायनल झालाय, फक्त फॉर्म बनवून द्या." टॉपिक काय, म्हणून विचारलं की उत्तर येतं, 'नाशिक शहरातील ग्राहकांच्या ऑनलाइन खरेदीविषयक वर्तनाचा अभ्यास'. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती १४ लाख ८६ हजारांच्या आसपास. त्यानंतर पाथर्डी फाट्याकडे आणि आडगावकडे शहर किती वाढलं ते आपण रोज बघतोय. यातला 'ग्राहक' नेमका कोणता? देवळाली कॅम्पातले निवृत्त फौजी, गंगापूर रोडला फ्लॅट घेतलेलं नवं जोडपं, की सातपूरला चौघांत खोली करून राहणारा कंत्राटी कामगार? फॉर्म अर्ध्या तासात होतो. या प्रश्नाला आठवडा लागतो, आणि तो आठवडा द्यायची कुणाचीच तयारी नसते.

ज्यांनी आजवर असं एकही काम केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मग तुम्ही एमबीएचे विद्यार्थी असा, वडिलांचं दुकान हाती घेतलेले असा, नाहीतर अंबडच्या कारखान्यात एचआरला नुकतेच लागलेले असा. सांगायचं मुख्य एकच आहे आणि ते पुढे दोन-तीनदा येईल: माणसाला मत विचारू नका, त्याच्या हातून शेवटची घडलेली गोष्ट विचारा.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा, मग अजून लहान करा

उदाहरण एकच धरू, शेवटपर्यंत तेच चालवू. नाशिकच्या सिडको वसाहतीतला एक किराणा दुकानदार म्हणतो, "पूर्वी महिन्याचा किराणा भरणारी घरं होती. माणसं तीच आहेत, पण आता दूध-ब्रेडपुरती येतात." ही तक्रार आहे, अजून प्रश्न नाही. तिचा प्रश्न असा होईल: पवननगर-उत्तमनगर भागातली जी घरं महिन्याचा किराणा एकदम भरायची, ती आता तो कुठून भरतात, आणि बदल नेमका कशावरून सुरू झाला?

कोण, कुठे, काय, कधीपासून, हे चारही त्यात आलं. प्रश्न बरा आहे का हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. उत्तर 'अ' आलं तर दुकानदार काय करेल आणि 'ब' आलं तर काय करेल, हे लिहून काढायचं. लोक मॉलच्या सवलतीमुळे गेले असतील तर एक उपाय, उधारीची वही बंद झाल्यामुळे गेले असतील तर अगदीच वेगळा. दोन्ही उत्तरांनी दुकानदार तेच करणार असेल, तर प्रश्न बदला.

दुसरी पायरी: काहीही न विचारता मोजा

ही पायरी सगळे गाळतात. वही घ्या, दुकानदाराची परवानगी घ्या आणि बाहेरच्या बाकावर बसा. आत नको, आत बसलात की तुम्ही नोकर वाटता आणि लोक तुमच्याकडेच साखर मागतात.

कागदावर चार रकाने पाडा: किती वाजता आलं, बाई-माणूस-मूल यांपैकी कोण, हातात पिशवी होती की नव्हती, काय घेऊन गेलं. पिशवीचा रकाना फालतू वाटेल, पण घरून पिशवी घेऊन निघालेला माणूस ठरवून आलेला असतो आणि मोकळ्या हाताने आलेला वाटेत थांबलेला असतो. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही.

वेळा निवडताना तासांबरोबर तारखाही निवडा. हा कामगारवस्तीचा भाग आहे, पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात. ३ ते १० तारखेचा गल्ला आणि २० ते २८ तारखेचा गल्ला ही दोन वेगळी दुकानं समजा. सकाळी कारखान्याची पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, दुपारी ती सुटल्यानंतर आणि रात्री आठनंतर, असे तीन तुकडे दोन्ही आठवड्यांत बघितले तरी पुष्कळ झालं. बारा-चौदा तासांचं काम आहे. एवढ्यात दुकानदाराच्या बोलण्यातलं काय खरं आणि काय रागातून आलेलं, हे निम्मं कळतं.

हेच काम मेनरोडला कापडाच्या दुकानात किंवा गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात करायचं तर हिशेब बदलतो. आपल्याकडचं पंचांग डोक्यात ठेवा. पितृपक्षात कापड-सोनं थंड असतं, घटस्थापनेपासून उसळतं. निफाड-दिंडोरीकडून येणारं गिऱ्हाईक द्राक्षांचे पैसे सुटले की येतं, कांद्याचा भाव पडला की येत नाही. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. मागचा २०१५चा आणि पुढचा २०२६-२७चा. त्या काळातले पंचवटीतले आकडे हे पंचवटीचे नेहमीचे आकडे म्हणून कुणी छापू नयेत.

तिसरी पायरी: वाचा, पण निष्कर्षाच्या पुढचंही वाचा

गूगल स्कॉलर फुकट आहे. भारतातल्या पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मिळतात, मराठीतलेही आहेत. त्यांची प्रश्नावली बहुधा शेवटी परिशिष्टात असते, ती नजरेखालून घाला, उचलू नका. घरखर्चाचे सरकारी आकडेही आहेत: २०२३-२४च्या सर्वेक्षणात देशात शहरी माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आणि ग्रामीण ४,१२२ रुपये निघाला. तुमच्या पन्नास घरांचा आकडा यापासून फार लांब गेला तर आधी स्वतःचा फॉर्म तपासा.

पण वाचताना एक खोड लावून घ्या. जॅमचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टात असतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. चोवीसच्या टेबलापाशी जास्त लोक थांबले, पण त्यांतल्या सुमारे ३ टक्क्यांनीच जॅम घेतला. सहाच्या टेबलापाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी घेतला. निष्कर्ष, पर्याय जास्त झाले की गिऱ्हाईक गोंधळतं. मुलं इथे पूर्णविराम देतात. मात्र २०१०मध्ये शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा पन्नासेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. कुठे पर्याय जास्त असल्याचा तोटा झाला, कुठे फायदा. भद्रकालीत साडी घ्यायला गेलेल्या बाईंना सहाच साड्या दाखवून बघा, त्या दुकानातून उठून जातील. तेव्हा कुठलाही गाजलेला प्रयोग लिहिण्याआधी त्याचं नाव टाकून 'पुढे काय झालं' ते शोधायचं.

उतारे चिकटवण्याबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानून सोडलं आहे, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या आहेत. तुमच्या विभागाचा स्वतःचा नियम असेल तर तो आधी विचारून घ्या.

चौथी पायरी: कुणाला विचारायचं

माझं पहिलं सर्वेक्षण मी व्हॉट्सअॅपवर केलं. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावसभावाच्या ऑफिसचा ग्रुप. दोन दिवसांत दोनशेच्या वर फॉर्म भरून आले आणि मी हवेत. मग कळलं की उत्तर देणारे जवळपास सगळे कॉलेज रोड ते गंगापूर रोड पट्ट्यातले, पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि निम्मे मला ओळखणारे. मी नाशिकला विचारलंच नव्हतं, माझ्या फोनला विचारलं होतं.

अशी चूक मोठ्यांनीही केली आहे. १९३६च्या अमेरिकन निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. त्यांवरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळात खिशात पैसे असलेल्यांचे. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी घेणारेही वेगळेच होते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्या मानाने फारच थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

आपल्या उदाहरणात सिडकोची एक सोय आहे. सिडकोच्या गृहयोजनांमधली घरं ओळीने आणि क्रमांकाने आहेत. एक ओळ चिठ्ठी टाकून निवडा, पहिलं घरही चिठ्ठीनेच, मग प्रत्येक सातवं घर. कुलूप असेल तर शेजारच्या घरात शिरू नका. तशी खूण करा आणि दुसऱ्या वेळी परत जा. दिवसभर कुलूप असलेलं घर म्हणजे नवरा-बायको दोघं कामावर, आणि महिन्याचा किराणा मॉलमधून भरणारं घर तेच असण्याची शक्यता जास्त. तेच वगळलं तर उरलं काय?

किती घरं? निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली असेल तर १०० घरं घेतल्यास उत्तर साधारण दहा टक्के इकडे-तिकडे चुकू शकतं, ४०० घेतल्यास पाच, हजार घेतल्यास तीन. एकट्याला साठ ते शंभर घरं झेपतात. तेवढी करा आणि अहवालात तेवढीच आहेत म्हणून सांगा. आणि हे दहा-पाच-तीन गणित चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांचं आहे. व्हॉट्सअॅपच्या पाच हजार फॉर्मांनाही ते लागू होत नाही.

पाचवी पायरी: प्रश्न कसा विचारायचा

खरं काम इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

"तुम्ही किराणा घेताना दर्जाला महत्त्व देता का?" सगळे हो म्हणतात. दारात उभ्या असलेल्या, वही घेतलेल्या, कॉलेजातून आलेल्या पोराला कोण म्हणेल की मी दर्जा बघत नाही, स्वस्त बघते? वर पाणी देतील, चहा विचारतील आणि तुम्हाला ऐकायला आवडेल तेच सांगतील. आपली माणसं पाहुण्याला नाराज करत नाहीत, आणि प्रश्नावली घेऊन आलेला पाहुणाच असतो.

त्यापेक्षा असं विचारा: "ताई, घरात आत्ता जी तूरडाळ आहे ती कधी आणली? कुठून? सोबत कोण होतं? सुटी की पाकीट?" उत्तरं ठोस येतात. जमलं तर म्हणा, "डब्याजवळ पाकीट असेल तर बघू का?" पाकिटावर दुकानाचं स्टिकर असतं, तारीख असते. 'मी नेहमी आपल्या काकांच्याच दुकानातून घेते' म्हणणाऱ्या ताईंच्या डब्यामागून मॉलचं पाकीट निघतं, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्यांना काकांचं दुकान खरोखर आपलं वाटतं. डाळ मात्र सवलतीत आली म्हणून तिकडून घेतली. ही फट दिसली की तुमचं संशोधन सुरू झालं.

म्हणून 'साधारणपणे', 'नेहमी', 'सहसा', 'भविष्यात' हे शब्द फॉर्ममधून काढून टाका. त्यांच्या जागी 'शेवटचं', 'मागच्या वेळी', 'काल' घाला.

घरात बोलणार कोण, हेही ठरवून जा. दार बहुधा घरातला पुरुष उघडतो आणि "विचारा, मी सांगतो" म्हणतो. सामान तो आणतो, यादी त्याची नसते. आदराने सांगायचं, "काका, तुमच्याशी बोलतोच, पण यादी करणाऱ्यांशीही पाच मिनिटं हवीत." काकूंशी बोलायला सोबत एखादी मुलगी असली तर फार फरक पडतो.

मतांचे प्रश्न थोडे घ्यावेच लागतात. रेन्सिस लायकर्टने १९३२मध्ये आणलेली पाच पायऱ्यांची पट्टी सगळे वापरतात, पण इंग्रजी फॉर्मचं भाषांतर करून 'अंशतः असहमत' लिहितात. उत्तमनगरला कुणीही आयुष्यात अंशतः असहमत झालेलं नाही. लिहा: अगदी पटतं, बऱ्यापैकी पटतं, सांगता येत नाही, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही. आणि 'दुकानदार कधीच उद्धट वागत नाही, हे पटतं का' असले नकाराचे प्रश्न नकोत. उत्तर देणाराही अडकतो आणि नंतर तुम्हीही.

एका वाक्यात दोन प्रश्न नकोत. 'दुकान स्वच्छ आणि स्वस्त आहे का' याला स्वच्छ पण महाग वाटणाऱ्याने काय सांगावं? उत्पन्न सगळ्यात शेवटी विचारा, तेही टप्प्यांत. फोन नंबर घेऊच नका. कारण नसताना माहिती गोळा करणं वाईटच, आणि आता २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहे.

फॉर्म तयार झाला की आधी पाच घरांत चालवा. ती पाच घरं मोजणीत धरायची नाहीत. ज्या प्रश्नाला माणूस "म्हणजे?" म्हणेल, तो पुन्हा लिहायचा. माझा एकही फॉर्म पहिल्या फेरीत टिकलेला नाही.

कारखान्यात नेतृत्वाबद्दल विचारायचं असेल तर

सातपूर-अंबडमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी हा थोडा वेगळा रस्ता. तिथे चहा पाजणारे लोक कमी आणि घाबरणारे जास्त. मी एकदा एका कारखान्यात 'सुपरवायझर तुमचं ऐकून घेतो का' असा फॉर्म वाटला. सगळ्यांनी पाचपैकी पाच गुण दिले. मला आनंद झाला. मग लक्षात आलं की फॉर्म वाटायला मी ज्यांची मदत घेतली ते सुपरवायझरच होते, आणि गोळा करेपर्यंत तिथेच उभे होते. सगळा गठ्ठा रद्दीत गेला.

परवानगी एचआरकडून लेखी घ्या, पण बोलणं कँटीनमध्ये किंवा गेटबाहेरच्या टपरीवर करा. उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार असतात, त्यांच्यासाठी हिंदी प्रत ठेवा. कंत्राटी आणि कायम कामगारांची उत्तरं पहिल्यापासून वेगळी ठेवा. एकाच मशीनवरच्या त्या दोघांचा साहेब कित्येकदा वेगळा असतो.

इथेही शेवटची घटनाच विचारायची. जॉन फ्लॅनगनने १९५४मध्ये ही पद्धत नीट मांडली. तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांच्या अभ्यासातून झाली होती. 'तुमचा साहेब लोकशाहीवादी आहे का' असं न विचारता, "मागच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा आधी कुणाला सांगितलं? ते काय म्हणाले? मग काय झालं?" अशा वीस गोष्टी जमल्या की कुठला सुपरवायझर आधी ओरडतो, कुठला आधी पाना हातात घेतो, ते आपोआप वेगळं पडतं. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांची १९३९ची हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारी अशी नेतृत्वाची त्रयी प्रत्येक प्रोजेक्टात असते. जरूर लिहा, पण तो अभ्यास दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या क्लबांवर झाला होता, एवढं ध्यानात असू द्या.

हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगाचंही तसंच. १९२४पासून शिकागोजवळच्या त्या कारखान्यात दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, म्हणून 'आपल्याकडे कुणी बघतंय' याचाच परिणाम, ही गोष्ट पाठ असते. २०११मध्ये लेव्हिट आणि लिस्ट यांनी हरवले समजले गेलेले मूळ आकडे शोधून पुन्हा तपासले. सांगितली जाते तितकी स्वच्छ गोष्ट त्यांत दिसली नाही.

सहावी पायरी: आकडे

एक्सेल पुरतं. पुढे लागलंच तर जासप आणि जामोवी ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत. आधी नुसती मोजणी, मग आडवे-उभे तक्ते: पगारदार घरं आणि रोजंदारीवरची घरं वेगळी काढली की चित्र कितीदा तरी उलटतं. तेवीस घरांच्या गटात '४३.४८ टक्के' लिहू नका. 'तेवीसपैकी दहा' लिहा.

दोन खड्डे सांगतो. एक, सॉफ्टवेअरला वीस संबंध तपासायला दिलेत तर शंभरात पाच वेळा योगायोग चालवून घेणाऱ्या नेहमीच्या निकषावर एखादा नुसत्या योगायोगाने 'सिद्ध' होतो. काय तपासणार ते आधी वहीत लिहा, तारीख टाका, मग संगणक उघडा. दोन, कारण आणि योगायोग. दुकानदाराने नवी पाटी लावली आणि विक्री वाढली, पण त्याच आठवड्यात कारखान्यांचा बोनस झाला होता. मग गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी ताडून बघू? सावकाश. २०२४चं लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या सुरुवातीला होतं आणि २०२५चं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. इंग्रजी महिने जुळवलेत की फसलात. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांशी जुळवा. त्याहून बरं म्हणजे त्याच दिवसांत, पाटी न लावलेल्या शेजारच्या दुकानाचा गल्ला, अर्थात तो मालक सांगेल तर.

सातवी पायरी: लिहिणं आणि परत जाणं

कॉलेजला हवा तसा जाडजूड अहवाल द्या, त्याचे साचे मिळतात. काय कमी पडलं याचं प्रकरण मात्र मनापासून लिहा: किती घरांना कुलूप होतं, कुणी बोलायला नकार दिला, कुठला प्रश्न फसला. परीक्षक तिथेच ओळखतो की मुलगा ओळीत खरंच फिरलाय का.

आणि दुकानदारासाठी वेगळं एक पान करा, मराठीत, मोठ्या अक्षरात. वर त्याचीच तक्रार त्याच्याच शब्दांत, खाली तुम्ही काय मोजलं, त्याखाली तीन ओळींत काय दिसलं. संध्याकाळी किंवा पहिल्या आठवड्यात जाऊ नका, त्याला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी दोन ते चारमध्ये, पंचवीस तारखेच्या पुढे जा. पान वाचून तो बहुतेक म्हणेल, "हे मला माहीतच होतं." मग विचारा, यातलं कुठलं माहीत नव्हतं. तो बोट ठेवेल तिथे पेनाने खूण करा आणि बाकावर बसून घ्या, पुढचा प्रश्न तो स्वतःच सांगायला लागतो.